हवालदारांची इंदूबाई

७ एप्रिल २०२५, सोमवार

अंगणवाडीतून निवृत्त होताना सरकारची एकच वस्तू मी घरी आणली, ती ही वही. गरोदर मातांचं रजिस्टर, कोरं. रकाने छापलेले आहेत: नाव, वय, वजन, गोळ्या दिल्या का. त्यांच्यावरून आडवं लिहायचं ठरवलंय. सेविका म्हणून तीस वर्षं रोज लिहायची सवय, हात स्वस्थ बसत नाही.

आमचे हवालदार जाऊन आज महिना झाला. हवालदार गुरुलिंग कलशेट्टी, राहणार मूळ वळसंग, हल्ली सोलापूर. अठरा वर्षं लष्करात, पुढं पंधरा वर्षं एका गिरणीच्या गेटावर, आणि उरलेली सगळी वर्षं माझ्या स्वयंपाकावर देखरेख. भाकरी कडक झाली की, "ही खंदकात चालंल." मऊ झाली की, "ही काय दवाखान्यातली हाय काय?" आता कुणी बोलत नाही. सुखानं जेवावं तर घास उतरत नाही, हा आणखी एक त्रास.

भेटायला येणारी प्रत्येक बाई चहाचा कप खाली ठेवताना म्हणते, "तुमाला काय बाई, मिलिटरीची पेन्शन." जणू माझा नवरा गेला नाही, लॉटरी लागली.

आज हवालदारांच्या पलटणीतले सुभेदार रुद्रप्पा आले होते. त्यांनी विरेशला, माझ्या मुलाला, सगळं समजावलं. विधवेला कुटुंब पेन्शन मिळते, ओळखपत्र मिळतं, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड मिळतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन त्या कार्डावर होईल. "काय लागत न्हाई," सुभेदार म्हणाले, "कागदात बायको म्हणून नाव पायजे, बास."

एवढंच ना? चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय. नाव कुठं जातंय!

९ एप्रिल, बुधवार

नाव गेलं.

विरेशनं चिंचोळीच्या कंपनीतून अर्धी रजा काढली आणि आम्ही सैनिकांच्या हापिसात गेलो. खिडकीवरचा कारकून युवराज, माढ्याकडचा पोरगा, बोलायला गोड. लग्नाची पत्रिका, मृत्यूचा दाखला, आधार, सगळं त्यानं नीट लावून घेतलं. मग कॉम्प्युटरवर बघून म्हणाला, "आज्जी, हवालदार कलशेट्टी बरोबर हायत. पण पत्नीचं नाव इंदूबाई लागलंय."

मी म्हटलं, "कुणाच्या पत्नीचं?"

"ह्यांच्याच की."

"अरे, ह्यांची पत्नी मी हाय."

"व्हय, पण कागदात तुमी न्हाई." मग जरा विचार करून, "तुमचं दुसरं नाव हाय का इंदूबाई? सासरचं, लाडाचं?"

मी म्हटलं, मला एकच नाव आहे आणि लाड कुणी केले नाहीत. मागच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या. हसू दे. त्यांची नावं बरोबर लागली असतील.

रिक्षात विरेश म्हणाला, "आई, टायपिंगची चूक असंल."

"जगदेवीतनं इंदू कुठनं टाइप होतीय रे? एक तरी अक्षर जुळतंय का?"

तो सुपरवायझर आहे, चूक कशी होते हे त्याला कळतं. ही तसली नव्हती.

१२ एप्रिल, शनिवार

मला काहीही वाटलेलं नाही, हे इथं लिहून ठेवते. पासष्ट वर्षांच्या बाईला काय वाटायचंय?

हवालदारांच्या फोटोचा हार काढला. सुकला होता. काल संध्याकाळीच आणलेला, पण ऊन फार आहे. फोटोही भिंतीकडं तोंड करून ठेवलाय, धूळ बसते म्हणून. माझी सून दानेश्वरी, घरची दानू, मला अत्ती म्हणते, म्हणजे सासूबाई. तिनं विचारलं, "अत्ती, पाठमोरा फोटो कशाला?" म्हटलं, पाठीवर धूळ बसलेली चालते.

दुपारी त्यांची लष्करातली पेटी उघडली. तळापर्यंत पाहिलं. बूटपॉलिशच्या डब्या, दोन बिल्ले, माझीच पत्रं, एक फुटका आरसा. बाईचा एक केस सापडला नाही. बांगडीचा तुकडा नाही, रुमाल नाही, चिठ्ठी नाही. इतकी स्वच्छ पेटी कुणाची असते? ज्याला काही लपवायचं असतं त्याची. मिलिटरीतला माणूस, पुरावा ठेवतोय होय!

१८ एप्रिल, शुक्रवार

सुभेदार रुद्रप्पांच्या घरी गेले. दानूला बरोबर नेलं होतं, पण ती त्यांच्या सुनेबरोबर गच्चीवर वाळवणं बघायला गेली. बरंच झालं, असली गोष्ट सुनेदेखत विचारायची नव्हती.

सुभेदार तोफखान्याशेजारी आयुष्य काढलेले. टीव्ही एवढा मोठा लावला होता की गल्लीला बातम्या कळत होत्या. मी म्हटलं, चहा नको, ते म्हणाले, "व्हय, लई ऊन हाय." माणूस विषय टाळत होता हे तेव्हाच माझ्या ध्यानात आलं.

मी सरळ विचारलं, "भावजी, खरं सांगा. ही इंदू कोण?"

त्यांचा चेहरा एकदम फुलला. लाजसुद्धा नाही! "ती व्हय? बेळगावला असतीय की. दोन पोरं हायत. थोरला बँकेत लागला."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. "दोन पोरं?"

"गुरुलिंगाचा लई जीव तिच्यावर. रजेवर येताना मिठाई घेऊन आदी तिच्याकडं. मीच न्यायचो की त्याला."

मीच न्यायचो! आणि हा माणूस माझ्या घरी येऊन शेंगाची चटणी पाव किलो बांधून न्यायचा. मी उठले. ते मागून ओरडले, "वैनी, तिला फोन लावू का? बोलता का?"

मी जिना उतरले. दानूनं रस्त्यात विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ऊन लागलं.

बँकेत लागला म्हणे थोरला. माझा विरेश आठ वर्षं कंत्राटावर होता.

२० एप्रिल, रविवार

नणंद बसव्वा वळसंगहून आली. मी काही बोलणार नव्हते, पण बोलले. ती म्हणाली, "आमचा अण्णा देवमाणूस होता, वैनी."

मी म्हटलं, म्हणूनच. महादेवाला तरी कुठं एकीनं भागलं, एक शेजारी आणि एक डोक्यावर.

ती कानावर हात ठेवून संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. जाताना पिशवीत ज्वारीचं पीठ ठेवून गेली, ते चांगलं आहे.

२ मे, शुक्रवार

विरेशनं एक वकील गाठलाय. वकिलाचं म्हणणं असं: नाव बदलायला लष्करात महिने जातात. त्यापेक्षा स्टँप पेपरवर लिहून द्यायचं की जगदेवी आणि इंदूबाई ही एकच बाई आहे. पेपरात एक जाहिरात द्यायची. झालं काम, पेन्शन सुरू, कार्ड तयार, डोळे स्वच्छ.

मी विचारलं, "म्हणजे मी शपथेवर सांगायचं की मी इंदूबाई आहे?"

"आई, नुसता कागद हाय."

"आणि उद्या ती बेळगावहून तिचे दोन बँकवाले घेऊन आली तर? मी तिच्या जागी बसलेली, तिच्या नावाची सही करून?"

"कोण येतंय बेळगावहून? कुठले बँकवाले?" विरेशला माहीतच नाही. मी सांगितलं नाही. बाप गेल्यावर पोराला भाऊ मिळाल्याची बातमी कशाला द्यायची?

तो चिडला. म्हणाला, "डोळ्यांनी दिसंना झालंय तुला. काल मीठ म्हणून साखर घातलीस आमटीत. नावाचं काय घेऊन बसलीस? कागदात इंदू लिवा न्हाईतर बिंदू लिवा, डोळे तुझेच बरे व्हणार हायत की."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, आंधळी होईन, पण सवतीच्या नावानं बघणार नाही. दानू मध्ये पडली आणि जेवायला वाढलं. आमटी गोड नव्हती, मी चाखून पाहिली.

६ मे, मंगळवार

आता मीच पत्र लिहिलं, थेट लष्कराच्या कागदपत्रांच्या मोठ्या कचेरीला. युवराजकडून पत्ता आणला. मजकूर इथं उतरवून ठेवते, तीस वर्षं कुपोषणाचे अहवाल लिहिलेत, अर्ज मला येतो.

"महोदय, मी जगदेवी, हवालदार कलशेट्टी यांची लग्नाची पत्नी. आपल्या कागदात पत्नी म्हणून इंदूबाई नावाची बाई असल्याचे समजते. तरी सदर बाईचा फोटो, गाव, वय व उंची कळवावी. आमचे लग्न १० मे १९८१ रोजी वळसंग येथे झाले. सदर बाईचे त्याआधी झाले की नंतर, हे प्रथम कळवावे. सदर बाई हयात असल्यास तिला माझा निरोप देऊ नये. मी स्वतः देईन."

दानूनं ते फोनवर हिंदीत करून घेतलं. शेवटची दोन वाक्यं तिनं गाळली असं मला नंतर कळलं. तिला वाटतं मी तापट आहे.

१० मे, शनिवार

आज लग्नाचा वाढदिवस. कुणाचा, ते लष्कर कळवेल.

२६ जून, गुरुवार

उत्तर नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, उजवा पिकलाय, फार थांबू नका. मला म्हणतात थांबू नका! लष्कराला सांगा की.

वहीत अक्षरं मोठी यायला लागलीत. आता एका पानावर पूर्वीच्या निम्मंच मावतं.

शेजारची बाई विचारत होती, पेन्शनचं काय झालं. म्हटलं, दिल्लीत विचार चाललाय. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

आज चुकून दोन कप चहा केला. एक फेकून दिला. मग वाटलं, फेकायचा कशाला, प्यायचा होता. रागाच्या भरात साखर-दूध वाया जातं.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

घडलं ते क्रमानं लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

उपवास होता. मी भगर निवडत होते, म्हणजे दानू निवडत होती आणि मी बघत होते, म्हणजे बघितल्यासारखं करत होते. पोस्टमननं जाड पाकीट दिलं. लष्कराचा शिक्का. दानू म्हणाली, "अत्ती, फोटो पाठवलाय त्यांनी. जुन्या फॉर्मची कलर झेरॉक्स हाय."

मी हात धुतले. का धुतले, माहीत नाही. म्हटलं, आण इकडं.

खिडकीपाशी नेऊन, भिंग लावून पाहिलं. नुसता चेहरा, हनुवटीवर शिक्का. वीस-एकवीस वर्षांची पोरगी. रंग गव्हाळ. नाक सरळ. मान अशी ताठ की फोटोवाल्यावर उपकार करतेय. देखणी होती मेली, खोटं कशाला बोलू. मला पटकन वाटलं, ह्या माणसाचा तरी काय दोष! आणि लगेच कानाकडं नजर गेली, तर कानात बुगड्या. मोत्यांच्या, मध्ये लाल खडा, हुबेहूब माझ्या आईनं मला घातलेल्या घाटाच्या. म्हणजे मापाला माझी बुगडी नेली आणि तशीच तिला घडवली. माझ्या माहेरच्या सोनाराकडून! एवढा निर्लज्जपणा?

मी दानूला तो निर्लज्जपणा दाखवला. म्हटलं, बघ, बघ तुझ्या सासऱ्याचे उद्योग.

दानूनं फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. "अत्ती, ह्या बुगड्या मी घातल्यात की. लग्नात तुमीच दिल्यात मला."

"मग?"

"मग काय? ह्या तुमीच हाव."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नको. तिनं भिंतीवरचा आमचा लग्नाचा फोटो काढून शेजारी धरला. बराच वेळ मी भिंग इकडून तिकडं फिरवत होते. मीच होते. गड्ड्याच्या जत्रेत काढलेला फोटो, त्यातला चेहरा तेवढा कापलेला. चार महिने मी जिला शिव्या घालत होते, जिचं वाटोळं व्हावं म्हणून सिद्धेश्वराला नवस बोलले होते, ती मी. नवस परत घ्यायला जावं लागणार.

"मग नाव इंदू का लिवलंय?" दानू फोटोखाली बघत म्हणाली. तिथं कुणीतरी शाईनं इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि त्यावरूनच पुढं कॉम्प्युटरवर उतरवलेलं. एबीसीडी मीही शिकवली आहे, भिंग लावून एकेक अक्षर वाचलं. पहिलं एच, ओल लागून जवळजवळ पुसलेलं. मग ई, एन, डी. मग टी आणि आय, दोन्ही इतकी चिकटलेली आणि टीचं डोकं उडालेलं, की कुणालाही यू वाटावा. पुढं बाई. उतरवणाऱ्याला एच दिसला नाही, टी-आयचा यू झाला, आणि एन्दूबाई कशी असेल म्हणून त्या शहाण्यानं इंदूबाई केलं.

"आता सगळं एकत्र वाच," मी म्हटलं.

दानूनं वाचलं. "हेंडती. हेंडतीबाई."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. घरात आम्ही कानडी बोलतो. कानडीत हेंडती म्हणजे बायको.

त्या माणसाला विचारलं असणार, ही कोण? आणि त्यानं सांगितलं, बायको. ते त्यांनी नाव म्हणून लिहून घेतलं. वर मान म्हणून बाई जोडलं. बायकोबाई!

मी हसायला लागले ते थांबता येईना. मग रडायला लागले तेही थांबता येईना. दानू घाबरून पाणी घेऊन आली. उपवास आहे म्हटलं तर म्हणाली, पाणी चालतं की अत्ती.

हवालदारांचा फोटो सरळ केलाय. पण माफ केलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही, ते ठीक, आमच्यात कुणीच मारत नाही. पण सरकारनं विचारल्यावर तरी सांगायचं होतं! तिथं कोण सासू उभी होती ऐकायला?

५ ऑगस्ट, मंगळवार

सुभेदार रुद्रप्पांना दानूनं फोन करून बोलावलं. आले ते कानात मशीन घालून. दानू म्हणाली, "अत्ती, त्यांना मशीनशिवाय काय ऐकू येत न्हाई. एप्रिलात मशीन दुरुस्तीला होतं."

हे मला कुणी सांगायचं?

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "इंदू? मी कुठली इंदू वळखत न्हाई. तुमी तवा माझ्या सिंधूचं इचारत होता न्हवं? माझी धाकटी बहीण. गुरुलिंगानं तिला राखीची बहीण मानली होती."

चार महिने! त्या बिचारीच्या बँकेतल्या पोराला मी काय काय म्हटलंय, ते या वहीत लिहिलं नाही, हे बरं.

मग मी झेरॉक्स दाखवली. सुभेदारांनी ती जवळ धरली, लांब धरली आणि मांडीवर थाप मारली. "अगाबाबो! हे त्या रांगेतलं हाय. मी त्याच्या मागं हुतो." ब्याऐंशी साल, भरतीच्या केंद्रावर सगळ्यांचे घरच्यांचे फॉर्म भरत होते. लिहून घेणारा वरच्या मुलखातला, हिंदीशिवाय काही नाही. गुरुलिंगाला तेव्हा कानडी सोडून काही नाही. लिहिणाऱ्यानं फोटोवर बोट ठेवून विचारलं, ये कौन? हे म्हणाले, हेंडती. त्यानं लिहिलं. पुढं वर्षभर सगळी बराक त्यांना हेंडती म्हणूनच हाक मारायची.

"मग पुढं दुरुस्त का केलं न्हाई?" मी विचारलं.

"त्याला इंग्रजी वाचता कुठं येत हुतं? जितं बोट दावतील तितं सही." मग म्हणाले, "आणि वैनी, फोटो द्यायला तयार नव्हता त्यो. फॉर्मला लावला की परत मिळत न्हाई म्हणून. एकच कापी हुती त्याच्याजवळ. साहेबानं दम दिला तवा दिली."

मी आत जाऊन चहा ठेवला. चहा बराच उकळला. सुभेदारांनी तसाच प्याला. जाताना चटणी अर्धा किलो दिली.

२० ऑगस्ट, बुधवार

सैनिकांचं हापीस. पत्र आणि झेरॉक्स युवराजला दिली होती, त्यानं ती फाइलला लावली आणि फाइलवर मोठ्या अक्षरात खरं नाव टाकलं, म्हणजे कागदातलं खरं. तो माढ्याचा, त्याला कानडीचं ओ की ठो कळत नाही. आज हॉल गच्च भरलेला. अक्कलकोटाकडचे म्हातारे सैनिक, त्यांच्या बायका, विधवा. युवराजनं खिडकीतून तोंड काढून मोठ्यानं पुकारलं:

"हेंडती! हेंडती कोण हाय? हेंडतीबाई, पुढं या!"

 मागून एक म्हातारा उठून म्हणाला, "यार हेंडती?" म्हणजे, कुणाची बायको? दुसरा बसल्या जागेवरून ओरडला, "नंद अल्लप्पा!" म्हणजे, माझी नाही बाबा!

असा हशा पिकला, की ज्यांना काठीशिवाय उभं राहता येत नाही तेही हलायला लागले. एका म्हातारीनं आपल्या नवऱ्याला पाठीत बुक्की मारली, तो फार हसत होता म्हणून. बिचारा युवराज विचारतोय, "काय झालं? बरोबर वाचलं न्हाई का मी?" आणि पुन्हा मोठ्यानं, "हेंडतीबाई!"

मी उठले. सगळा हॉल बघत होता. खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "युवराज, बाळा, तू मला चारचौघांत बायको म्हणून बोलवतोयस."

पोरगं कानापर्यंत लाल झालं.

मग त्यानं हळू आवाजात सांगितलं, दोन रस्ते आहेत. जगदेवी ऊर्फ हेंडतीबाई असं लिहून दिलं तर काम या महिन्यात उरकतं. सगळं खोडून नुसतं जगदेवी करायचं तर प्रतिज्ञापत्र, पुन्हा वर पाठवणं, आणखी दोन-तीन महिने. विरेश शेजारी होता. तो म्हणाला, "ऊर्फ करून टाक आई. आता तर सवत पण न्हाई."

मी म्हटलं, "म्हणजे मरेपर्यंत दरवर्षी हयातीच्या दाखल्याला कुणीतरी कारकून मला हेंडती म्हणून पुकारणार? दवाखान्यात नर्स? स्मशानात कार्ड बघून तिथला माणूस? हेंडती मी त्यांची होते. सरकारची न्हाई."

मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. विरेश मान खाली घालून म्हणाला, "डोळे?"

म्हटलं, इतकी वर्षं बघायचं ते बघून घेतलंय मी. तीन महिने अंदाजानं चालेन.  जिन्यावर त्यानं माझा हात घट्ट धरला.

१ सप्टेंबर, सोमवार

कोर्टाच्या आवारात टायपिस्ट बसतात. विरेशनं नेलं. तिथला माणूस चष्म्यावरून बघत, चार मिनिटांत अख्खं प्रतिज्ञापत्र बडवून मोकळा झाला. मला दिसत नाही म्हणून त्यानंच वाचून दाखवलं.

"मी जगदेवी गुरुलिंग कलशेट्टी, शपथेवर लिहून देते की, माझ्या मयत पतीच्या सेवापुस्तकात पत्नी म्हणून नोंद असलेली हेंडतीबाई नावाची कोणतीही स्त्री अस्तित्वात नव्हती व नाही. सदर नोंद चुकीने झालेली असून ती रद्द करण्यात यावी."

"सही हितं," म्हणाला.

मी पेन हातात घेतलं. चार महिने मला हेच तर पाहिजे होतं. ती बाई नाही, नव्हती, खोडून टाका, आणि तेही शपथेवर.

पेन खाली ठेवलं. म्हटलं, "हे खोटं हाय."

विरेश म्हणाला, "आई, आता काय?"

"अस्तित्वात नव्हती कशी? होती की. फोटो हाय तिचा." टायपिस्टला सांगितलं, "दादा, असं लिवा. हेंडती हे नाव न्हाई, नातं हाय. पतीला विचारलं तेव्हा पतीनं खरं सांगितलं. लिहिणाऱ्याला कळलं न्हाई. ती हेंडती मीच. नावाच्या जागी जगदेवी लिवावं."

तो म्हणाला, असा नमुना नसतो. मी म्हटलं, तीस वर्षं सरकारी नमुने भरलेत मी, जागा नसेल तिथं शेरा म्हणून लिहायचं असतं. त्यानं कपाळाला हात लावला आणि नवा कागद चढवला. टकटक करत निम्म्यापर्यंत आला आणि थांबला.

"आज्जी, एक सांगा. पती मयत हायत. मग 'सदर हेंडती मीच होते' असं येईल. का 'आहे'?"

विरेश म्हणाला, "होते. वारलेत ना."

दहा-बारा दिवसांपूर्वी मीही असंच म्हणाले असते. हापिसात सगळ्यांसमोर म्हटलंच होतं, हेंडती मी त्यांची होते.

मी म्हटलं, "आहे."

टायपिस्टनं विरेशकडं बघितलं. विरेशनं माझ्याकडं बघितलं आणि त्याला म्हणाला, "ती सांगतीय तसं करा."

त्यानं "आहे" टाइप केलं. कागद माझ्यापुढं सरकवून, सही कुठं करायची तिथं माझं बोट नेऊन ठेवलं. मी सही केली, जगदेवी.